राखणीची मजुरी

जीवदानीच्या डोंगराची कथा फुलपाड्यात लहान पोरांनाही ठाऊक असते. विरार गावची गुरं राखणारा एक महार होता. रोज सकाळी त्याच्या कळपात एक अनोळखी गाय येऊन मिसळायची, दिवसभर चरायची आणि दिवेलागणीला कळपातून फुटून डोंगराच्या वाटेला लागायची. तिचा धनी कोण, हे गावात कुणालाच सांगता येईना. तिच्या राखणीची मजुरी द्यायलाही कुणी येईना. शेवटी एका संध्याकाळी तो तिच्या मागोमाग डोंगर चढून गेला. माथ्यावर एक तेजस्वी बाई उभी होती. त्यानं विचारलं, ही गाय तुमची का? इतके दिवस मी हिला राखली, माझी मजुरी द्या. बाईनं पैसे द्यायला हात पुढे केला. तो मागे सरला आणि म्हणाला, मी महार आहे, मला शिवू नका.

इथून कथेला फाटे फुटतात. एका सांगण्यात, हे शब्द कानावर पडताच देवी कपारीत गुप्त होते, गाय कड्यावरून झेप घेते आणि मागे खडकावर खुरांच्या खुणा उरतात. दुसऱ्या सांगण्यात तो स्पर्शानं विटाळणार नाही असं काहीतरी मागतो. तुला हा धर्म कुणी शिकवला, असं देवी कौतुकानं विचारते आणि प्रसन्न होऊन त्याला मोक्ष देते. एक मूल नसलेली बाई हे सगळं लपून पाहत असते. ती देवीला हाक मारते, एकट्या स्वतःसाठी न मागता आपल्यासारख्या सगळ्याजणींसाठी मागते. तेव्हापासून देवी कपारीत राहते आणि बाया तिथल्या खळग्यात विडा-सुपारी वाहतात.

फुलपाडा विरार पूर्वेला, या डोंगराच्या पायथ्याशी आहे. एका अंगाला पापडखिंडीचं धरण, दुसऱ्या अंगाला देवीच्या 1300 हून अधिक पायऱ्यांची वाट, आणि मधल्या जागेत चाळी, चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, त्यांच्या तळाशी किराणा, मोबाइल आणि पूजासाहित्याची दुकानं. 1982 च्या गिरणीसंपानंतर परळ-लालबाग सोडून जी कुटुंबं लोकलच्या या टोकाला आली, त्यांतलं एक आमचं. ही कथा मी इथेच, वेगवेगळ्या तोंडांनी ऐकत मोठी झाले. हारवाल्या मावशींनी सांगितली, शाळेतल्या बाईंनी सांगितली, नवरात्रात पायऱ्या चढताना अनोळखी बायकांनी एकमेकींना सांगताना कानावर आली. सांगणारी मोक्षापाशी पोचते आणि हात जोडते. मी मात्र त्याच्या थोडं अलीकडे थांबते, त्या दोन हातांपाशी. एक पुढे आलेला आणि एक मागे घेतलेला.

हात पुढे करताना देवीनं त्याची जात विचारलेली नाही. मी ऐकलेल्या कुठल्याच सांगण्यात ती ‘तू कोण’ असं विचारत नाही. गाय त्यानं राखली हे तिला पुरेसं आहे, आणि राखणीचे पैसे द्यायचे असतात हे तिला मान्य आहे. विटाळाची अट येते ती त्याच्याच तोंडून. ज्याच्यावर अन्याय होतो त्यानंच त्या अन्यायाचा नियम बोलून दाखवायचा, तो पाळायचा आणि त्याबद्दल देवाकडून शाबासकी मिळवायची, अशी ही रचना आहे. लोककथा अनेक पिढ्या मिळून घडवतात आणि प्रत्येक पिढी आपल्या सोयीचं एखादं वाक्य तिच्यात ठेवून जाते. शिवू नका हे वाक्य कुणाच्या सोयीचं होतं, हे उघड आहे. तरीही त्या वाक्याच्या आधीचा देवीचा हात कुणी पुसू शकलं नाही. तो सगळ्या पाठांमध्ये टिकून राहिला. या कथेवरचं माझं प्रेम त्या टिकून राहिलेल्या हातामुळे आहे.

आमच्या शेजारी एक बौद्ध कुटुंब राहतं. त्या घरातल्या काकींना एकदा मी ही कथा सविस्तर सांगितली. देव्हारा त्यांच्या घरात नाही. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आहेत, आणि डोंगराच्या पायथ्याशी अनेक वर्षं राहूनही त्या दर्शनाला गेलेल्या नाहीत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि एवढंच विचारलं, “आणि पैसे? ते दिले का त्याला?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मी कुणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. कथेत पैसे दिल्याचा उल्लेख नाही. त्यानं मागितली होती मजुरी, पदरात पडला मोक्ष. मोक्ष मजुरीपेक्षा मोठा असेल. पण मागणाऱ्यानं जे मागितलं ते त्याच्या हातावर पडलं नाही, हे खरंच आहे. काकींचा प्रश्न मनात राहिला आणि त्यामागून बाकीच्या कथा वेगळ्या दिसू लागल्या.

चोखोबांचं घ्या. विठ्ठलाचा एवढा लाडका भक्त, पण त्याला मृत्यू आला तो मंगळवेढ्याला गावकुसाचं बांधकाम करताना. परंपरेनुसार साल 1338. भिंत कोसळली आणि तिच्याखाली इतर मजुरांबरोबर चोखोबाही गाडले गेले. नामदेवांनी त्यांच्या अस्थी शोधून पंढरपूरला आणल्या. हाडांमधून विठ्ठलनाम ऐकू येत होतं म्हणून त्या ओळखू आल्या, असं सांगतात. समाधी महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ झाली, म्हणजे देवळाच्या बाहेर. चोखोबांची भक्ती आपण सातशे वर्षं गातो आहोत. ते वेठीच्या कामावर मेले, हे मात्र आपण ओझरतं सांगून पुढे जातो. त्याच विठ्ठलाचं दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना मे 1947 मध्ये प्राणांतिक उपोषण करावं लागलं.

महार समाजानं जपलेली अमृतनाकाची कथा याच्या बरोबर उलट जाते. बेदरच्या बादशहाची बेगम अमृतनाकानं सोडवून आणली. बक्षीस म्हणून स्वतःसाठी काही न घेता त्यानं आपल्या जातीसाठी बावन्न हक्कांची सनद मागून घेतली. या कथेत मोक्ष नाही. हक्क आहेत, मोजून बावन्न. पण त्या हक्कांच्या बदल्यात गावकी मानेवर बसली. सांगावे पोचवायचे, सरकारी माणसांची सरबराई करायची, मेलेली गुरं ओढायची, दिवस-रात्र हाकेला ओ द्यायची, आणि वर्षाकाठी मिळेल ते बलुतं घ्यायचं. डॉ. आंबेडकरांनी 1928 साली मुंबई कायदेमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडलं, ते या जोखडातून सुटण्यासाठी. कामाचा मोबदला रोख आणि ठरलेला असावा, ही त्यामागची भूमिका होती. वतनं कायद्यानं संपायला 1958 साल उजाडावं लागलं. डोंगरमाथ्यावर मागितलेल्या मजुरीचा हा कायदेमंडळातला हिशेब होता, असं मला वाटतं.

वंचित समाजांची दैवतं हा विषय निघाला की आपण हळवे होतो. शेंदराचा दगड, झाडाखालचं ठाणं, कोंबडं, नारळ, अंगात येणं या सगळ्यात मातीचा वास शोधतो. तो वास खरा आहे. पण या दैवतांचं दुसरं अंगही त्यांच्याच भक्तांनी भोगलेलं आहे. मरीआई गावाच्या वेशीवरची, पटकीच्या साथीत साऱ्या गावानं जिला शरण जायचं. तिची सेवा महार-मांगांकडे. पोतराज कमरेला चिंध्यांचा घोळ बांधून, मोकळ्या केसांनी दारोदार फिरायचा आणि स्वतःच्या उघड्या अंगावर आसूड ओढायचा. गावाचं अरिष्ट त्यानं आपल्या पाठीवर झेलायचं आणि बदल्यात सुपात पडतील ते दाणे घ्यायचे. खंडोबाला सोडलेली मुरळी आणि यल्लम्माला सोडलेली जोगतीण बहुतकरून याच वस्त्यांमधली मुलगी असायची. देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई प्रांतात 1934 साली कायदा झाला, महाराष्ट्राला 2005 साली पुन्हा नवा कायदा करावा लागला. देव आपला असला तरी त्याच्या नावानं घेतली जाणारी किंमत आपल्याच लेकींची आणि आपल्याच पाठीची असेल, तर त्या देवाकडे पाठ फिरवणं हाही स्वाभिमानच आहे.

नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह 2 मार्च 1930 ला सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालूनही दार उघडलं नाही. 1935 मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली आणि 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला लाखो माणसांनी त्यांच्यासोबत बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बावीस प्रतिज्ञांमध्ये देवतांची पूजा न करण्याची प्रतिज्ञा आहे. काकींच्या घरातल्या रिकाम्या कोनाड्यामागे हा सगळा इतिहास उभा आहे. मरीआईला निरोप देताना काकींच्या सासूबाईंना जड गेलं होतं, असं काकींनीच सांगितलं. आजाऱ्याच्या उशाशी वर्षानुवर्षं जिचं नाव घेतलं, तिला घराबाहेर ठेवणं सोपं नसतं. ते केलं, कारण लेकरांनी कुणापुढे वाकू नये असं त्यांना वाटत होतं. जीवदानीच्या कथेतल्या गुराख्याच्या वंशजांनी डोंगर चढायचं थांबवलं, हा त्याच कथेचा पुढचा भाग आहे. तो सांगितल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

आणि या पुढच्या भागाला जागाही किती जुनी आणि जवळची मिळाली! फुलपाड्याहून काही किलोमीटरवर नालासोपारा. प्राचीन शूर्पारक बंदर. अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे इथे सापडले. 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खणला तेव्हा त्याच्या गर्भात दगडी पेटी मिळाली, आणि तिच्यात बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले मातीचे तुकडे. बौद्ध परंपरा सांगते की पूर्ण नावाचा सोपाऱ्याचा व्यापारी बुद्धाचा शिष्य झाला होता. काकींना आपल्या धम्माचा पत्ता शोधायला दूर जावं लागत नाही. वैशाख पौर्णिमेला त्या स्तूपावर जातात. तिथे त्यांना कुणाच्या परवानगीची गरज पडत नाही.

उपेक्षितांनी आपली ओळख राखण्याच्या वाटा अनेक आहेत. सोडून जाणं ही एक वाट. दुसरी वाट आहे ती देवाच्या घरात आपलं माणूस नेऊन बसवण्याची. जेजुरीचा खंडोबा पाहा. त्याची पहिली बायको म्हाळसा वाण्याची आणि दुसरी बाणाई धनगराची. बाणाईसाठी देव मेंढरं राखायला धनगरवाड्यावर राहिला, हे वाघ्या-मुरळी जागरणात रात्रभर रंगवून सांगतात. देव गुराखी होतो, चाकरी करतो, तेव्हा कुठे त्याला धनगराची लेक मिळते. गडावर मानाची जागा म्हाळसेची, बाणाईचं देऊळ वाटेत, निम्म्या पायऱ्यांवर. धनगरांनी आपली मुलगी देवाच्या संसारात पोचवली, पण गडावरच्या गाभाऱ्यात तिला जागा नाही. गुंथर सोन्थायमर आणि रा. चिं. ढेरे यांनी या दैवतांमागची माणसं अभ्यासाच्या मुख्य दालनात आणली. विठ्ठलाच्या आजच्या रूपामागे गवळी-धनगरांचा लोकदेव आहे, हे ढेऱ्यांनी साधार मांडलं तेव्हा अनेकांना धक्का बसला. धनगरांना त्याचा धक्का बसायचं कारण नव्हतं.

तिसरी वाट आमच्या उत्तरेला, तलासरी-जव्हारपर्यंत पसरलेल्या आदिवासी पाड्यांची. वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी यांच्या देवांना गाभारा लागत नाही. वाघोबा शिवेवर उभा असतो, लाकडाच्या किंवा दगडाच्या फळीवर कोरलेला, वर चंद्र आणि सूर्य. वाघबारशीला त्याची पूजा होते. बिबट्या अजूनही या रानात आहे. मुंबई उपनगर, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांत फिरून अभ्यासकांनी वाघोबाची दीडशेच्या आसपास ठाणी नोंदवली आणि 2021 मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला. जनावर आणि माणूस एका जागेत कसे राहू शकतात, हे समजायला ही पूजा उपयोगी पडते, असं त्यांना दिसलं. वारल्यांना हे नवीन नव्हतं. रान जितकं आपलं तितकंच वाघाचं, हा त्यांच्या जगण्याचा पाया आहे.

धरतरी, गावतरी, कणसरी. जमीन, गाय आणि धान्य, तिन्ही आया. हिरवा देव मोरपिसांच्या जुडग्यात असतो, नारनदेव पाऊस आणतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला शेवळं घेऊन विरार स्टेशनबाहेर बसणाऱ्या एका वारली मावशींशी माझी ओळख आहे. पहिल्या रानभाज्या देवाला दाखवल्याखेरीज घरी कुणी तोंडात घालत नाही, असं त्यांनी सांगितलं. मी विचारलं, देवाला म्हणजे कोणत्या देवाला? त्या म्हणाल्या, “जिनं दिली तिला.” टोपलीतली शेवळं त्यांनी रानातून स्वतः खुडून आणली होती. घरी नेल्यावर खाज घालवायला त्यांत काकडं टाका, हे बजावायला त्या विसरल्या नाहीत. त्यांच्या बोलण्यात देव आणि भाजी यांच्यात अंतर नव्हतं.

वारल्यांचं लग्न लावते ती धवलेरी, एक सवाशीण. तिच्या गाण्यांशिवाय लग्न लागत नाही, आणि भिंतीवरच्या चौकात पालघट देवी लिहिल्याशिवायही नाही. तो चौक बाया लिहायच्या. जिव्या सोमा मशे (1934–2018) यांनी ती चित्रं कागदावर आणली, जगभर नेली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज तीच चित्रं विरारच्या हॉटेलांच्या भिंतींवर, साड्यांच्या पदरांवर, रेल्वे स्टेशनांवर दिसतात. बाईनं लग्न लावण्याचा हक्क ज्या समाजानं कधीपासून मान्य केला, त्या समाजाला मागास म्हणताना आपण जरा थांबायला हवं. पाड्यांवर आता बाहेरचे भटजीही लग्नं लावायला येऊ लागले आहेत. धवलेरीची गाणी कमी होत चालली, तर बाईच्या पौरोहित्याची एक जुनी परंपरा आपल्या जिल्ह्यातून जाईल.

डहाणूजवळ विवळवेढ्याची महालक्ष्मी आहे. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाताना तिचं देऊळ लागतं. तिची कथा जीवदानीच्या कथेशेजारी ठेवून वाचावी अशी आहे. देवी मुळात मुसळ्या डोंगरावर. एक आदिवासी गरोदर बाई नेमानं वर दर्शनाला जायची. दिवस भरत आले, चढता चढता तिला भोवळ आली. देवी म्हणाली, आता तू चढू नकोस, मी खाली येते. आणि देवी पायथ्याला आली. चैत्र पौर्णिमेला तिची यात्रा सुरू होते आणि डोंगरावर ध्वज लावण्याचा मान आजही वाघाडी गावच्या आदिवासी घराण्याकडे आहे. एका कथेत देवीनं पुढे केलेला हात माणसापर्यंत पोचला नाही. दुसऱ्या कथेत देवी स्वतःच डोंगर उतरली. फरक कुठे पडला? दुसरी कथा घडवणारे आदिवासी स्वतः होते. आपल्या गरोदर लेकीच्या तोंडी त्यांनी विटाळाचं वाक्य घातलं नाही.

कथा सांगण्याचा हक्क कुणाकडे आहे यावर इतकं अवलंबून असतं. पण केवळ कथेनं पोट भरत नाही, हेही पालघरच्या माणसांनीच दाखवून दिलं. शंभर वर्षांपूर्वी इथल्या वारल्यांच्या जमिनी सावकार-जमीनदारांकडे गेल्या होत्या. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवरा-बायको दोघं सावकाराकडे राबायची, त्यांना लग्नगडी म्हणत. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावात गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं. मग गवतकापणीच्या मजुरीसाठी संप झाला. ऑक्टोबरमध्ये तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यांत जेठ्या गांगड होते. गोदावरीबाईंचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक ज्यांनी वाचलं असेल, त्यांना हा सगळा काळ ठाऊक असेल. डोंगरावरच्या गुराख्यानं एकट्यानं जे मागितलं, ते इथे हजारोंनी मिळून मागितलं. कणसरीला मानणारे हे लोक होते. देवावरच्या श्रद्धेनं त्यांना मजुरी मागण्यापासून अडवलं नाही. धान्य ही आई असेल, तर तिला पिकवणारा उपाशी राहणं हे पाप ठरतं, असं मला त्यांच्या लढ्यातून दिसतं.

आता फुलपाड्याकडे परत येऊ. वसई-विरार महापालिका 2009 मध्ये झाली, पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला. 2011 च्या जनगणनेतच शहराची वस्ती 12 लाखांवर गेली होती. माणसं आली ती आपापले देव घेऊन आली. कोकणातल्या घरांनी गावच्या राखणदाराच्या नावाचा नारळ इथे ठेवला. कार्तिकात विरार-नालासोपाऱ्याच्या तळ्यांकाठी बिहारच्या बाया सूर्याला अर्घ्य देतात. घाटावरची माणसं बिरोबा आणि म्हसोबाचं नाव घेतात. आगरी-कोळ्यांची एकवीरा तर इथली जुनीच. वसईचे ख्रिस्ती पोर्तुगीज काळापासून आपापल्या सणांत गावची गाणी म्हणत आले आहेत. शहर म्हणून आपण एवढ्या देवांना एकमेकांशेजारी सामावून घेतलं, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

त्याच वेळी एक बदल मी डोळ्यांनी पाहते आहे. रस्त्याकडेचं ठाणं आधी शेंदराचा दगड असतं. मग त्याला फरशी बसते, मग पत्रा, मग संगमरवर आणि दानपेटी. दगडावर मुखवटा येतो, मुखवट्यामागे मूर्ती, आणि मूर्तीला पुराणातलं एखादं नाव मिळतं. कोंबडं बंद होतं. जुना पुजारी, जो वस्तीतलाच कुणीतरी रिक्षा चालवणारा किंवा गवंडीकाम करणारा असायचा, हळूहळू बाजूला होतो. देवळाची भरभराट होते आणि ज्यांचा देव होता त्यांना एक दिवस रांगेत उभं राहावं लागतं. स्वच्छता आणि सोय यांना माझा विरोध नाही. म्हाताऱ्या माणसांना रोपवेनं जीवदानीपर्यंत जाता येतं, ही चांगलीच गोष्ट आहे. पण देव मोठा होताना त्याला आधी ओळखणारा माणूस लहान होत असेल, तर ती उन्नती कुणाची, हे विचारलं पाहिजे.

या माणसांना काय म्हणायचं, यावर विद्वानांचे वाद जुने आहेत. मुंबई विद्यापीठाच्या गो. स. घुर्ये यांनी 1943 मध्ये आदिवासींना मागासलेले हिंदू म्हटलं. व्हेरिअर एल्विन यांना त्यांचं जग वेगळं राखायचं होतं. ब्रिटिशांच्या खानेसुमारीत त्यांच्यासाठी वेळोवेळी वेगळी नावं होती, आणि आजही जनगणनेत आदिवासी धर्माचा स्वतंत्र रकाना असावा ही मागणी जोर धरून आहे. फुलपाड्यातल्या काकी स्वतःला बौद्ध म्हणतात. स्टेशनबाहेरच्या मावशी महालक्ष्मीच्या यात्रेला जातात, घरी हिरवा देव मांडतात, गणपतीही बसवतात आणि विचारलं तर सरळ वारली म्हणतात. या उत्तरांमध्ये मला गोंधळ दिसत नाही. हे त्या त्या माणसानं आपल्या अनुभवातून काढलेलं उत्तर आहे आणि ते तपासण्याचा अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. तुम्ही आमचेच, असं मायेनं म्हणणंही पुरेसं नसतं. आमचेच म्हणून जवळ घेतलेल्या चोखोबांना आपण पायरीशीच ठेवलं होतं.

आदिवासींचा देव ही भाबडी समजूत नसून त्यांच्या जागेवरचा हक्क असू शकतो, हे या देशात एकदा न्यायालयानंही मान्य केलं आहे. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हायची होती. डोंगरिया कोंधांसाठी तो डोंगर म्हणजे त्यांचा नियमराजा. एप्रिल 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की त्यांच्या धार्मिक हक्कांचाही विचार ग्रामसभांनी करावा. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही सभांनी खाण नाकारली. या निकालाला आधार होता 2006 च्या वनहक्क कायद्याचा. तोच कायदा पालघरलाही लागू आहे. बुलेट ट्रेन आमच्या जिल्ह्यातून जाते आहे, वाढवण बंदर होऊ घातलं आहे, शहर उत्तरेकडे सरकतं आहे. या वाटेत शिवेवरचा प्रत्येक वाघोबा, प्रत्येक देवराई, प्रत्येक समुद्रदेवाचं ठाणं कुणाच्या तरी वहिवाटीचा पुरावा आहे. ते हलवण्याआधी तिथल्या माणसांची ग्रामसभा भरावी आणि तिचा शब्द शेवटचा मानावा, एवढी अपेक्षा जास्त नाही.

मजुरी म्हणजे काय, हे आता मला नेमकं सांगता येतं. वनहक्काचे दावे कचेरीत पडून न राहता निकाली निघणं ही मजुरी आहे. वारली चित्र छापणाऱ्यानं ते काढणाऱ्याला नाव आणि दाम देणं ही मजुरी आहे. मोठ्या झालेल्या देवळाच्या विश्वस्तांमध्ये ज्या वस्तीचा तो देव होता, त्या वस्तीची माणसं असणं ही मजुरी आहे. जीवदानीची कथा शाळेत सांगताना गुराख्यानं विटाळ पाळला याचं कौतुक गाळून त्याच्या कष्टांचं आणि त्याच्या मागणीचं कौतुक करणं, ही मजुरी आपण उद्यापासून देऊ शकतो. आणि ज्यांनी देव सोडला त्यांना घरवापसीचं आमंत्रण न देता त्यांच्या सोडण्यामागचं कारण समजून घेणं, हेही तेवढंच देणं आहे.

महाराष्ट्राचे मोठमोठे देव पहिल्यांदा कुणाला दिसले, याची उत्तरं आपल्याच कथांमध्ये आहेत. गुराख्याला, धनगराला, कोळ्याला, रानात लाकडं तोडणाऱ्या बाईला. वेशीबाहेर राहणाऱ्यांनी गावाला देव दिले. आपण त्यांना भक्त म्हणून गौरवलं, संत म्हणून पूजलं, मोक्षही देऊन टाकला. या सगळ्यात आपलं काहीच खर्च झालं नाही. मजुरी द्यायची तर जमिनीतला वाटा, मानातला वाटा, निर्णयातला वाटा द्यावा लागतो. तो दिला तरच या दैवतांवरचं आपलं प्रेम खरं आहे असं म्हणता येईल.